भिंतीतून काढलेली चौकट

गुरुवार, ५ जून

दादाने आज स्वयंपाकघराच्या दाराची चौकट भिंतीतून उखडून काढली. आई भांड्यांवर चादर टाकत ओरडत होती, "अरे, घर पाडतोस का माझं?"

"घर नाही गं, पुरावा काढतोय," दादा म्हणाला.

आमचं घर आणि सुतारकामाचा कारखाना एकाच छपराखाली आहेत, आणि मधे हेच दार. चौकटीच्या डाव्या अंगाला माझ्या आणि दादाच्या उंचीच्या रेघा आहेत, उजव्या अंगाला बिट्टीच्या. बिट्टी म्हणजे दादाची मुलगी, वय वर्षं सात. वहिनी तिला घेऊन वेगळी राहायला गेली, त्यानंतर उजवीकडे एकही रेघ चढलेली नाही. शेवटची रेघ कडीच्या कोयंड्याच्या वर आहे. ती मारली तेव्हा बिट्टी घरभर नाचली होती, "मी कोयंड्याला हरवलं!"

दादाचं म्हणणं असं, की ही रिकामी चौकट कौटुंबिक न्यायालयासमोर उभी करायची. मुलगी वाढतेय आणि बापाला रेघ मारता येत नाही, हे लोकांना एका नजरेत कळेल. ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. इतके बाप मुलांवाचून झुरतायत आणि कोणाला त्याचं काही नाही! आई मूल घेऊन गेली की बिचारी, आणि बापाने मूल मागितलं की त्रास देणारा. हा कुठला न्याय?

पत्रक मी लिहितेय. दादा म्हणतो, "आमच्या मोजपट्टीने लिहिलं की त्यात खोट निघायची नाही." लहानपणापासून तो मला मोजपट्टीच म्हणतो. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, बाबांनीच घरी शिकवलं. अक्षरं फळीवर खडूने, गणित लाकडावर. बाबांच्या शाळेत चुकीचं माप सांगणं म्हणजे खोटं बोलणंच होतं. पुढे खऱ्या शाळेत बाईंनी काही विचारलं आणि मी "नक्की माहीत नाही" म्हटलं की वर्ग हसायचा. अजूनही काही लिहायचं म्हटलं की मी प्रत्येक शब्द दोनदा तपासते.

पत्रकाचं पहिलं वाक्य: "या बापाला आपल्या मुलीला एकदाही भेटू दिलेलं नाही." दादाला विचारून लिहिलं.

बाबांनी चौकट निघताना पाहिली आणि रंधा मारत राहिले. त्यांच्या गप्प बसण्याचाही मला आज राग आला.

शनिवार, १४ जून

झालं! आम्ही उभे राहिलो!

न्यायालयाच्या पायऱ्यांसमोर चौकट उभी केली आणि तिच्यामागे माणसं. एक वेल्डर, एक बँकेतले साहेब, एक दाढीवाला मास्तर, आणि कितीतरी. दादा भोंगा घेऊन बोलला. इतकं छान बोलला की मास्तर रुमालात तोंड खुपसून रडला. दादा घरात धड दोन वाक्यं बोलत नाही. एरवी आठवड्याआड शनिवारी तो गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लाकूड बघायला जातो, ते हात हलवत परत येतो आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नाही. आज त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं.

पहारेकऱ्यांनी घाबरून फाटकच लावून टाकलं. बापांना घाबरतात! चोर आहोत का आम्ही?

एका गोष्टीने मात्र डोकं फिरलं. बसचालकाच्या खाकी कपड्यांतला एक माणूस, हातात कापडी पिशवी, फाटकाशी पहारेकऱ्याच्या विनवण्या करत होता. मग वळून आमच्याकडे आला आणि मलाच म्हणाला, "ताई, तुमचं चालू द्या, पण शनिवारी नको ना."

मी म्हटलं, "काका, आम्ही तुमच्यासारख्यांसाठीच लढतोय."

"मला नका लढवू," तो म्हणाला, आणि पिशवी छातीशी धरून फाटकाजवळच उकिडवा बसला.

असली माणसं असतात म्हणून काही बदलत नाही.

मंगळवार, १७ जून

सकाळी पत्रकाच्या आणखी प्रती द्यायला दादाच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कोर्टाने याला आठवड्याआड शनिवारी अकरा ते बारा मुलीला भेटायची परवानगी दिली आहे. गेलं वर्षभर. आधी त्याला आत जायला सांग, मग बाहेर ओरडू दे."

पत्रक माझ्या हातचं! तशीच कारखान्यात आले. दादा चार पायांचा एक स्टूल घासत होता. छोटासा, लहान मुलाचा. कधीपासून घासतोय, पुरा होत नाही. मी विचारलं, हे खरं का?

"त्याला भेट म्हणतात?" तो म्हणाला. "एक खोली. कोपऱ्यात कारकूनबाई. ती घड्याळाकडे बघणार आणि मी माझ्याच पोरीशी तिच्यादेखत बोलणार? मी काय कैदी आहे?"

मी दिवसभर त्याचाच विचार केला. एक तास! दाताच्या डॉक्टरकडे याहून जास्त वेळ बसावं लागतं. हक्काच्या लेकीला भेटायला परक्या बाईचा पहारा! याला भेट म्हणणं हीच थट्टा आहे, आणि ज्याला भेट म्हणता येत नाही ती मिळाली नाही असं म्हणणं खोटं कसं? पत्रक आहे तसंच ठेवलं.

तरीही "एकदाही" हा शब्द डोळ्यांत खुपतोय.

शुक्रवार, २० जून

वर्तमानपत्रात फोटो आला, पण चौकटीवरच्या रेघा दिसतच नाहीत. नुसतं जुनं लाकूड. चॅनलवाल्यांनी फोनवर सांगितलं म्हणे, की जरा उठावदार काहीतरी करा.

म्हणून दादाने चौकटीला पांढरा ऑइलपेंट दिला. सगळ्या चौकटीला! मी आत आले तेव्हा दुसरा हात चालू होता.

"दादा, रेघा!"

"पुन्हा काढतो ना. जाड, काळ्या. लांबून दिसतील."

"मापं घेतलीस का आधी?"

"माझ्या पोरीची उंची मला टेपने बघावी लागते का?"

आणि त्याने त्या आठवणीने काढल्या. सगळ्यांत वरची रेघ त्याने कोयंड्याच्या खाली काढली. बरीच खाली. मी म्हटलं, दादा, ती कोयंड्याच्या वर गेली होती, आठव, नाचली होती. त्याने त्याच रेघेवरून पुन्हा एकदा ब्रश फिरवला. मग म्हणाला, "एवढीच होती. एवढीशीच होती ती."

चुकीचं माप घराच्या चौकटीवर! बाबा दारात, म्हणजे जिथे दार होतं तिथे, उभे होते. ते फक्त म्हणाले, "वाळू दे." मला वाटलं, आता तरी दादाला झापतील. कसलं काय.

शनिवार, २१ जून

गर्दी दुप्पट. चॅनलचा एक मुलगा कॅमेरा घेऊन आला. बापांनी चौकटीवर आपापल्या मुलांच्या रेघा मारायला सुरुवात केली. मास्तरने खडू घेतला, हात वर केला, खाली केला, आणि म्हणाला, "मला सांगताच येत नाही हो, तो केवढा असेल." यावर दगडालाही पाझर फुटला असता. आत बसलेल्यांना मात्र काही नाही.

मग एकाने भोंगा घेतला आणि सुरू झाला, बायका अशा आणि बायका तशा, पोरांचा सौदा करतात. टाळ्या पडल्या. मी त्याच्या हातातून भोंगा ओढला. मला कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, "आपण मुलांसाठी आलोय, बायकांना शिव्या द्यायला नाही."

तो हसला. "ताई, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

नंतर दादा मला म्हणाला, "जाऊ दे गं. गर्दी लागते." मला हे पटलेलं नाही. गर्दी लागते म्हणून काहीही ऐकून घ्यायचं? पण मी गप्प बसले, आणि आता स्वतःवरच चिडलेय.

मंगळवार, २४ जून

तो बसचालक कारखान्यात आला. दादा बाहेर गेला होता. बाबांनी त्याला बाक पुसून दिला, आईने पाणी दिलं. मी मुद्दाम बसले नाही.

"ताई, भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "मला दर शनिवारी एक तास मिळतो. पोरगी पाच वर्षांची आहे. आम्ही खुर्च्या एकामागे एक लावतो, मी पुढे बसतो, ती तिकिटं फाडते. तेवढंच. तुम्ही दोन शनिवार भोंगा लावलात, त्यांनी फाटक लावलं. दोन्ही वेळा ती आत आणि मी बाहेर."

मी म्हटलं, "एका तासावर खूश राहिलात तर एकच तास मिळेल. माझ्या दादाला तर तोही..."

"तुमच्या दादाला मी आत कधी पाहिलं नाही. पोरीला मात्र पाहिलंय."

"कोणाच्या?"

"त्यांच्याच. आठवड्याआड येते. दोन वेण्या, बूट चकाचक. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते. बारा वाजले की आई घेऊन जाते. माझी पोरगी तिला कधी कधी बसमध्ये घेते. पण ती म्हणते, मी नाही, माझी बस यायचीय."

मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलताय. मोठ्यांशी असं बोलले म्हणून आई मला रागावली. तो उठला, आणि बाबांना म्हणाला, "येतो मालक. पोरीवर रागावू नका."

तो गेल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? बाबा म्हणाले, "तो शनिवारी दाढी करतो, एवढं माहीत होतं." आता याचा आणि दाढीचा काय संबंध? सरळ उत्तर द्यायचं नाही हे या घरात सगळ्यांनी ठरवलेलंच आहे.

वहिनीचा डाव मात्र लक्षात आला. पोरीला नटवून आणून बसवायचं, म्हणजे कारकुनाच्या वहीत लागतं, आई आली, बाप आला नाही. किती थंड डोक्याची बाई! पण मला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडणार नाही.

शनिवार, २८ जून

लिहायला बसले आणि तीनदा उठले. क्रमाने लिहिते.

फाटक लागायच्या आधी मी बसचालकाबरोबर आत शिरले. दादाला सांगितलं, पत्रकं आणायला जाते. हे खोटं होतं, नोंदवून ठेवते.

ती खोली तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या गोदामाशेजारी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर रंगवलेला हत्ती, त्याच्या सोंडेवर विजेचं बटण. खेळणी कपाटात आणि कपाटाला कुलूप! मी कारकूनबाईंना विचारलं, हे कुलूप कशाला? "हरवतात," त्या म्हणाल्या. मुलांच्या खोलीतल्या खेळण्यांना कुलूप लावणाऱ्या माणसांच्या हातात आमच्या मुलांचं आयुष्य दिलंय.

बिट्टी खिडकीजवळ होती. दोन वेण्या. ती इतकी मोठी झालीय! मला बघून उठली, पण धावत आली नाही. आधी माझ्या मागे पाहिलं.

बाईंनी सांगितलं, भेट फक्त वडिलांची, आत्याला परवानगी नाही. बाहेर बाकावर वहिनी बसली होती. मला वाटलं, आता हिला आनंद होईल. ती उठून बाईंना म्हणाली, "बसू दे तिला. माझी हरकत नाही." आणि मला म्हणाली, "बिट्टी विचारते तुझ्याबद्दल." इतकं गोड का बोलली असेल? मी बिट्टीजवळ खुर्ची ओढली.

मग बाहेर भोंगा सुरू झाला. खिडकीच्या खालच्या काचा चुन्याने रंगवल्यात. बिट्टी खुर्चीवर चढली आणि वरून बघायला लागली.

"बाबा आज जोरात बोलतायत," ती म्हणाली. जसं काही नेहमीचंच आहे.

"नेहमी हळू बोलतात का?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"नेहमी बोलत नाहीत. फाटकापर्यंत येतात, उभे राहतात, मग जातात. मी हात केला एकदा. पण काच आहे ना."

लहान मुलांना असे भास होतात. त्या शनिवारी दादा लाकूड बघायला गेलेला असतो. मी तिला समजावणार होते, पण तेवढ्यात दादाचा आवाज आला, "मला माझ्या मुलीला एकदाही भेटू दिलेलं नाही!" माझंच वाक्य. माझंच वाक्य आणि ती माझ्याशेजारी उभी!

बिट्टीने चौकट पाहिली. कपाळाला आठी घातली.

"आत्या, ती आपली चौकट आहे?"

"हो."

"आणि ती रेघ कोणाची?"

"तुझी."

"नाही. मी कोयंड्याला हरवलं होतं." तिने काचेला नाक लावलं. "ती दुसरी कोणीतरी मुलगी आहे."

मी धावत बाहेर गेले. दादाची बाही ओढली. म्हटलं, ती आत आहे. खिडकीत. चल. अजून वेळ आहे, चल!

त्याचा चेहरा खडूसारखा झाला. त्याने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आत्ता नको. चॅनलवाले आलेत."

"दादा, बिट्टी आहे!"

"कळतंय मला!" तो ओरडला, आणि भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

बारा वाजता वहिनी बिट्टीला मागच्या दाराने घेऊन गेली. बसचालकाच्या मुलीने जाताना तिला एक तिकीट दिलं.

माझा भाऊ नाटकी आहे. चॅनलपुढे त्याला पोटची पोर दिसत नाही. मी हे पेनाने लिहितेय, खोडणार नाही.

बुधवार, २ जुलै

आज जेवताना भांडण झालं. मी म्हटलं, पत्रकाचं पहिलं वाक्य मी मागे घेतेय. आणि यापुढे उभं राहायचं ते सोमवारी.

"सोमवारी कोण येतं बघायला? शनिवारी पोरं आत असतात म्हणून तर शनिवार!"

"पोरं आत असतात म्हणूनच नको!"

आई म्हणाली, "जेवा आधी." दादाने ताट सरकवलं.

"एका तासाने काय होणार आहे?" तो म्हणाला. "वर्ष झालं. ती मोठी झाली असेल आता."

"म्हणजे काय? मुलं मोठी होतातच."

"तुला नाही कळायचं, मोजपट्टी."

"मग कळेल असं सांग ना!"

तो उठून कारखान्यात गेला. दार नसल्यामुळे ते आपटता आलं नाही. नुसता पडदा हलला. बाबा त्याच्यामागे गेले आणि मला दोघांच्या घासण्याचा आवाज आला, एकाच लाकडावर, बराच वेळ. भांडण अर्धवट टाकून स्टूल घासत बसायचं! पुरुषांचं हे असं.

शनिवार, १२ जुलै

आज काय झालं ते जसंच्या तसं.

मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले होते, शनिवारी नाही, सोमवारी. निम्मे ऐकले. बाकीचे आले. चॅनलचा मुलगा आला. दादा आला, चौकट आली. दादाने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातगाडीवर चौकटीखाली तो छोटा स्टूल होता, कागदात गुंडाळलेला. मला वाटलं, चौकटीला टेकू द्यायला आणलाय.

पहारेकरी फाटक ओढायला लागला. पलीकडून बसचालक पिशवी घेऊन पळत येत होता.

मला गर्दीत बोलता येत नाही. आठवीत मी कविता म्हणायला उभी राहिले होते आणि तशीच खाली बसले होते. पण मी भोंगा उचलला.

"फाटक लावू नका," मी म्हटलं. "आम्ही गप्प बसतोय. आत मुलं आहेत." पहारेकऱ्याचा हात फाटकावरच थांबला. "मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यात लिहिलंय, या बापाला एकदाही भेटू दिलेलं नाही. ते चूक आहे. ते मी लिहिलं. या चौकटीवरचं मापही चूक आहे. माझ्या दादाची मुलगी आत्ता आत बसलीय, त्या खिडकीत, आणि ती या रेघेपेक्षा खूप मोठी आहे. एक तास देतात. एक तास ही थट्टा आहे, आणि मी सोमवारी येऊन हेच ओरडणार आहे, रोज ओरडणार आहे. पण तो तास आपणच बाहेर उभं राहून घालवायचा? ज्यांची मुलं आज आत आहेत त्यांनी आत जा!"

कोणी टाळी वाजवली नाही. त्या दिवशी बायकांना शिव्या देणारा तो माणूस म्हणाला, "घरचीच फितूर निघाली." मास्तर त्याला म्हणाला, "तू गप रे." आणि बसचालक अर्ध्या उघड्या फाटकातून आत गेला. गेला तो थांबला, आणि फाटक पाठीने अडवून उभा राहिला.

"या," तो दादाला म्हणाला. "आत काही चावत नाही. बाई कडक आहे, पण पोरांना बिस्किटं देते."

दादा पायरीपाशी जाऊन थांबला. मी त्याच्याकडे रागाने बघत होते, म्हणून मला दिसलं. त्याने पाय पायरीवर ठेवला आणि मागे घेतला. कवितेच्या वेळी मी उभी राहून खाली बसले होते, तसाच.

तो हळूच म्हणाला, "केवढी झालीय गं?"

मी हात वर केला. माझ्या कुठल्या बटणापर्यंत येते ते मला माहीत होतं. मग हात खाली घेतला.

"मी नाही सांगणार. जाऊन बघ."

"तिने ओळखलं नाही तर?"

मी गाडीवरचा स्टूल काढून त्याच्या हातात दिला. त्याने पेन्सिल कानामागे सारखी केली आणि तो आत गेला.

आम्ही बाहेर उभे राहिलो. भोंगा बंद करायचा राहिला होता, तो नुसता घुमत होता. चॅनलच्या मुलाने विचारलं, आता काय दाखवू? मी म्हटलं, कुलूप लावलेलं खेळण्यांचं कपाट दाखव. तो म्हणाला, आत कॅमेरा नेऊ देत नाहीत. बघा! हेसुद्धा सोमवारच्या पत्रकात येईल.

बारा वाजता दादा बाहेर आला. हात रिकामे. त्याने चौकट हातगाडीवर चढवली आणि ओढायला लागला. मी मागून ढकलत होते. वहिनी फाटकात उभी होती, बिट्टीचा हात धरून. बिट्टीच्या काखेत स्टूल होता. वर्षभर न चुकता वहिनी तिला का आणत राहिली, हे मला अजूनही नीटसं कळलेलं नाही. पुढच्या वेळी विचारीन. मान हलवली तिने, मीही हलवली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "शर्टाला हे काय लागलंय? काढ, धुवायला टाकते."

"धुवायचा नाही," दादा म्हणाला.

तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधे पेन्सिलची आडवी रेघ होती, जराशी वाकडी. बिट्टी त्याला पाठ लावून उभी राहिली होती आणि रेघ कारकूनबाईंनी मारली होती.

शर्ट अंगात असतानाच मोजावं लागणार होतं. दादा भिंतीच्या भगदाडात सरळ उभा राहिला, टाचा जुळवून, लहानपणी राहायचा तसा. बाबांनी कोनाड्यातून टेप काढली. मी खालचं टोक जमिनीवर धरलं, बाबांनी वरचं रेघेला लावलं आणि आकडा दोनदा वाचला.

तो आकडा मी इथे लिहीत नाही. तो दादा लिहील, चौकट तासून पुन्हा बसवली की.